सीए-१२५ नॉर्मल म्हणून आजार नाही, असे नव्हे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. पाळीच्या दिवसांत ओटीपोटातल्या कळांनी बेजार झालेल्या मुली सीए-१२५ या रक्तातील प्रथिनाच्या तपासणीची चिठ्ठी घेऊन येतात आणि अहवालातला आकडा ३५च्या आत आला की ‘सगळे नॉर्मल आहे, लग्नानंतर थांबेल’ असे ऐकून घरी जातात. आकडा नॉर्मल म्हणजे एंडोमेट्रिओसिस हा आजार नाही, या निष्कर्षाला शास्त्राचा आधार नाही आणि तो थांबवणे आपल्या खात्याच्या हाती आहे.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे बीजकोशांवर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यांवर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील १९ कोटी मुली व स्त्रिया हा आजार सोसत आहेत. सुरुवातीच्या टप्प्यात सीए-१२५ बहुतेक वेळा वाढतच नाही. उलट पाळी चालू असताना, गरोदरपणात, फायब्रॉइडमध्ये, पोटाच्या क्षयात आणि बीजकोशाच्या कर्करोगातही ते वाढते. असे असूनही आमच्याकडे येणाऱ्या छापील फॉर्मवर वय आणि लिंग यांचे रकाने असतात, शेवटच्या पाळीच्या तारखेचा नसतो. रक्तातील अशा निर्देशकांचा, वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१६ साली आढावा घेतला, तेव्हा निदानासाठी पुरेसा अचूक एकही आढळला नाही, आणि २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनीही निदानासाठी त्यांचा वापर करू नये असेच सांगितले आहे.

रक्ताच्या एका नमुन्यावरून निदान व्हावे, ही माझीही मनापासूनची इच्छा आहे, कारण पोटात दुर्बीण घालून तपासण्याच्या शस्त्रक्रियेसाठी इथल्या कितीतरी बायकांना गोव्यातील बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते. मायक्रोआरएनए (पेशींतले आरएनएचे अगदी छोटे रेणू) आणि अनेक प्रथिनांचे एकत्रित संच यांवरील संशोधन आशादायक आहे. मात्र या तपासण्या नाजूक असतात. नळीतल्या तांबड्या पेशी फुटल्या की वेगळा केलेला द्रव पिवळसर न राहता गुलाबी दिसतो आणि त्या पेशींतले मायक्रोआरएनए त्यात मिसळून मोजमाप बिघडते. आषाढात वीज गेली आणि जनरेटर नसला की रक्तातला द्रव वेगळा करणारे सेंट्रिफ्यूज यंत्र थांबते, नमुने तसेच पडून राहतात; इथल्या प्रत्येक तंत्रज्ञाला हे ठाऊक आहे.

म्हणून आपल्याकडे मागणे असे की, केवळ सीए-१२५ नॉर्मल आहे म्हणून एंडोमेट्रिओसिस नाकारू नये आणि केवळ ते वाढले म्हणून निदान पक्के धरू नये, असे स्पष्ट परिपत्रक सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांना व ग्रामीण रुग्णालयांना जावे. सोनोग्राफी स्वच्छ आली तरी वेदना असलेल्या मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवण्याची सूचना त्यातच असावी. दुसरे, परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत या आजारावर काम होते. वैद्यकीय शिक्षण विभागाशी बोलून सिंधुदुर्गनगरी आणि रत्नागिरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये त्या कामाशी जोडून द्यावीत आणि तिथे नमुने टिकवण्यासाठी उणे ८० अंशांचे शीतकपाट, अखंड वीज व प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची सोय करावी. उद्या एखादी तपासणी मान्य होईल, तेव्हा ती कोकणातल्या स्त्रियांच्या रक्तावरही पारखलेली असली पाहिजे.

परिपत्रकाला निधी लागत नाही. ते या पावसाळी अधिवेशनापूर्वी निघावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सिंधुदुर्ग