पोट मऊ होतं, तरी तुम्ही बाबांचं दुखणं खरं मानलंत

आदरणीय डॉक्टर,

त्या रात्री कॅज्युअल्टीत तुमचे आभार मानायचे राहून गेले. धावपळीत नावही विचारलं नव्हतं, ते नंतर डिस्चार्ज कार्डावर वाचलं.

बाबा 71 वर्षांचे. रात्री अचानक पोटात असह्य कळ आली, पाठोपाठ उलटी आणि जुलाब. आधी जिथे नेलं तिथे पोट दाबून पाहिलं आणि "मऊ आहे, गॅस असेल" म्हणत इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. आयुष्यभर दुखणी अंगावर काढलेला माणूस गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होता, म्हणून मी त्यांना तुमच्याकडे आणलं.

तुम्ही आधी शेजारी बसलात. कधी सुरू झालं, त्या क्षणी काय करत होतात, हळूहळू वाढलं की एकदम? "खुर्चीतून उठताना, एकदम," बाबा म्हणाले. एवढा वेळ तुमची बोटं त्यांच्या नाडीवरच होती. "ठोके आधीपासून असे अनियमित आहेत का?" हे तुम्ही विचारलंत तेव्हा मला आठवलं, की रक्त पातळ करणारी गोळी बाबांनी परस्पर बंद केली होती. पोटदुखीत हृदयाच्या गोळीचं काय सांगायचं, असं वाटून मी आधीच्या ठिकाणी बोललेच नव्हते.

तुम्ही वेदनाशामक द्यायला निघालात तेव्हा मी अडवलं. दुखणं दबलं तर निदान कसं होणार? ही भीती जुनी आहे, तुम्ही शांतपणे म्हणालात. माणूस कळवळत असला की पोट नीट तपासताच येत नाही. खरंच, थोडा आराम पडल्यावर बाबा सरळ झोपले. मग तुम्ही जांघेत हर्नियासाठी पाहिलंत. हार्ट अटॅकही कधी कधी पोटदुखी होऊन येतो म्हणून ईसीजी काढलात. आतडं किंवा जठर फुटलं असेल तर डायाफ्रामखाली, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली, हवा दिसते, म्हणून छातीचा एक्स-रे केलात. पोट अजूनही मऊच होतं.

"इतकं दुखतंय आणि पोट मऊ आहे, याचीच मला जास्त काळजी वाटतेय." तुमचं हे वाक्य मी विसरणार नाही. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की सुरुवातीला दुखणं भयंकर असतं, पण पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आलेली नसते. पोट कडक होईपर्यंत बहुतेकदा आतड्याचा भाग मेलेला असतो, हे तुम्ही मला दोन मिनिटांत समजावलंत. किडनीसाठीच्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी न थांबता सीटी अँजिओग्राफीला, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनला, पाठवलंत. आतड्याच्या मुख्य धमनीत गुठळी निघाली. ठोके अनियमित असले आणि रक्त पातळ करणारी गोळी बंद असली की हृदयात अशी गुठळी होऊन ती पुढे वाहत जाऊ शकते. स्कॅन चालू असतानाच तुम्ही सर्जनना फोन करून ठेवला होता, हे मला नंतर सिस्टरांनी सांगितलं.

गुठळी काढली. आतड्याचा थोडा भाग गेला, बाकीचं वाचलं. बाबा आता थोडं थोडं जेवतात, घरात फिरतात. गोळी रोज माझ्यासमोर घेतात. त्यांच्या सगळ्या औषधांची चिठ्ठी त्यांच्या पाकिटात आहे, दुसरी माझ्याकडे.

तुम्हाला पत्र लिहितेय म्हटल्यावर बाबांनी एक निरोप दिलाय: "त्यांना सांग, मी नीट सांगू शकलो, कारण त्या ऐकत होत्या."

तुमची ऋणी,
एका पेशंटची मुलगी