तिसऱ्या क्रमांकाचं एक्स-१५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

एक्स-१५ या अमेरिकी रॉकेट विमानाचं मॉडेल करायचं, तर एवढं देखणं पांढरं असताना मी काळ्याच्या मागे का लागलो, हा तुझा प्रश्न येणारच होता. पांढरं सगळेच करतात, हे एक उत्तर झालं. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते सांगायला जरा पाल्हाळ लावावं लागेल. तू जहाजं बांधणारा माणूस, तुला पाल्हाळाची सवय आहे.

एक्स-१५ विमानं एकूण तीनच बांधली गेली आणि तिन्ही मिळून १९९ वेळा उडाली. तू म्हणतोस ते पांढरं म्हणजे क्रमांक दोन. नोव्हेंबर १९६२ मध्ये उतरताना ते उलटलं. दुरुस्त करताना त्याचं धड सुमारे पाऊण मीटरने लांबवलं आणि पोटाखाली इंधनाच्या जादा टाक्या लावायची सोय केली. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी पीट नाइटने ते ताशी ७,२७४ किलोमीटर वेगाने उडवलं. उष्णतेत स्वतः जळून खालचा धातू वाचवणारा एक गुलाबी लेप अंगावर होता आणि पांढरा रंग होता त्या लेपावरचा. म्हणजे विमानाच्या आयुष्यात तो पांढरा रंग मोजक्या दिवसांचा पाहुणा. परत आलं ते जागोजागी करपून, आणि शेपटीखाली टांगलेलं नकली रॅमजेट इंजिन वाटेतच जळून गळून पडलं होतं. आता ते अमेरिकेतल्या डेटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे, तेही काळ्या रंगात. पहिलं वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. तिसरं कुठेच नाही. म्हणून मी तिसरं करतोय.

त्याची कुंडलीच विचित्र. उडण्याआधीच फुटलेलं विमान! ८ जून १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर ते जमिनीला जखडून नव्या एक्सएलआर-९९ इंजिनाची चाचणी चालू होती आणि वैमानिक स्कॉट क्रॉसफिल्ड आत बसलेला. इंधनाच्या, म्हणजे अमोनियाच्या, टाकीतला दाब हाताबाहेर गेला, मागचा भाग उडाला आणि क्रॉसफिल्ड वाचला. (बरोबर वर्षापूर्वी, ८ जून १९५९ रोजी, यानेच पहिल्या एक्स-१५ चं पहिलं उड्डाण केलं होतं, इंजिन न चालवता.) मग ते नव्याने बांधलं, त्यात स्वतःला परिस्थितीशी जुळवून घेणारी एमएच-९६ नावाची नियंत्रण प्रणाली बसवली आणि डिसेंबर १९६१ मध्ये नील आर्मस्ट्राँगने ते पहिल्यांदा उडवलं. १९६३ च्या उन्हाळ्यात जो वॉकरने याच विमानातून दोनदा शंभर किलोमीटरची उंची ओलांडली. दुसऱ्या वेळी, २२ ऑगस्टला, तो १०७.९६ किलोमीटरवर पोचला होता. पंख असलेलं यंत्र तिथून परत आणून त्याने कोरड्या तळ्यावर उतरवलं.

आता मुद्द्यावर येतो. हे मॉडेल करायचं तर विमान ठरवून भागत नाही, दिवसातली वेळसुद्धा ठरवावी लागते. बी-५२ या मोठ्या बॉम्बर विमानाच्या पंखाखाली लटकून वर जाताना एक्स-१५ च्या पोटात उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन असायचा. त्या टाकीभोवती बाहेरून पांढरं दहिवर जमायचं. उतरल्यावर तेच विमान तापून आलेलं, टाक्या रिकाम्या, दहिवराचा मागमूस नाही. मागे चाकांऐवजी दोन पोलादी घसरपट्ट्या, त्या फक्त उतरताना खाली यायच्या. म्हणून दहिवर आणि उघड्या घसरपट्ट्या एकाच मॉडेलवर दिसल्या की समजावं, करणाऱ्याने फोटो पाहिलेत पण फोटोंचा क्रम पाहिलेला नाही. शेपटीचं तसंच. पोटाखालच्या उभ्या शेपटीचा खालचा भाग घसरपट्ट्यांच्याही खाली जायचा, म्हणून उतरण्याआधी तो सोडून द्यावा लागे. तो भाग लावून, घसरपट्ट्यांवर उभं केलेलं एक्स-१५ जमिनीवर राहूच शकत नाही. तरी अशी मॉडेलं मी पाहिली आहेत, आणि त्यांना दादही मिळाली आहे! पुढेपुढे बहुतेक उड्डाणांत तो भाग लावणंच सोडून दिलं, कारण त्याच्याविना वातावरणात परत शिरताना विमान जास्त आवरतं. मीही तो लावलेला नाही.

मी धरलेली वेळ आहे विमान सुटण्याच्या जरा आधीची. सुमारे पंचेचाळीस हजार फूट उंची, टाक्या भरलेल्या, घसरपट्ट्या अंगालगत दुमडलेल्या, नाकाखालचं चाक आत.

स्केल १:४८. म्हणजे लांबी साधारण ३२ सेंटिमीटर आणि पंखांचा विस्तार जेमतेम १४. हे प्रमाणच डोळ्याला खटकतं, बाणाला पंख चिकटवल्यासारखं. खरी मजा शेपटीत आहे. आपण विमानाचं मॉडेल करतो तेव्हा पंखाची आणि शेपटीची मागची कड घासून घासून कागदासारखी करतो, हात आपोआप तिकडे वळतो. इथे हाताला आवरायचं. उभ्या शेपटीचा छेद सरळ पाचरीचा आहे: पुढे धार, मागे बोथट, जाड, सपाट कड. आवाजाच्या पाच-सहापट वेगात पातळ शेपटी विमानाला सरळ ठेवायला पुरी पडत नाही, पाचर पडते. त्या जाड कडेच्या दोन्ही बाजूंना उघडणारे एअरब्रेक आहेत, त्यांच्या फटी मी प्लास्टिक शीटच्या पट्ट्या लावून नव्याने काढल्या. पंखांना एलेरॉन, म्हणजे विमान कलतं करायच्या हलत्या झडपा, नाहीत. ते काम आडव्या शेपटीचे दोन भाग उलटसुलट फिरवून व्हायचं. ते दोन्ही भाग खाली झुकलेले आहेत आणि तो कोन दोन्हीकडे सारखा यावा म्हणून मी पुठ्ठ्याचा साचा करून त्यात ते सुकवले. धडाच्या दोन्ही अंगांना पुढून मागे गेलेले उंचवटे पाहिलेस ना? टाक्यांची भिंत हीच विमानाची कातडी, त्यामुळे तारा आणि नळ्या न्यायला आत जागाच नव्हती. त्या बाहेरून नेल्या आणि वर आच्छादन घातलं. हे उंचवटे धडाला नंतर जोडल्यासारखेच दिसायला हवेत. सांध्यात पुट्टी भरून ते गुळगुळीत केले की विमान खोटं दिसतं.

रंगाबद्दल तू म्हणशील, काळा तर काळा. तसं नाही रे. कातडी इन्कोनेल-एक्स या निकेलच्या मिश्रधातूची, ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापेल हे धरूनच निवडलेली. अशी वारंवार तापलेली कातडी कुठे निळसर, कुठे तपकिरी, कुठे राखाडी दिसते. मी आधी चकचकीत काळा मारला, त्यावर गडद धातूचा अगदी पातळ थर, मग पॅनेलगणिक निळ्या-जांभळ्या पारदर्शक रंगाचे फवारे. पंखाच्या पुढच्या कडेला प्रसरणासाठी फटी ठेवलेल्या असत. त्यांच्या मागे आरंभी भलतीच उष्णता साठून कातडी सुरकुतली होती, म्हणून तिथे जरा जास्त छटा दिल्या. दहिवरासाठी मिठाचे नि सोड्याचे प्रयोग लोक करतात. माझ्या मते या स्केलला ते दाणे गारांएवढे दिसतात. मॅट पांढरा भरपूर पातळ करून एअरब्रशने लांबून मारला, थर चढवत गेलो. टाकी जिथे संपते तिथे पांढरेपणाही संपायला हवा.

कॉकपिटवर मी वेळ घालवलेला नाही. खिडक्या एवढ्याशा आणि झाकण बंद. चंदेरी प्रेशर सूट घातलेला वैमानिक आत बसवला आणि पुढे सरकलो. तू यावर भांडशील, माहीत आहे.

या विमानाचा शेवट तुला ठाऊक नसावा. १५ नोव्हेंबर १९६७, वैमानिक मायकेल अ‍ॅडम्स. उंचावर विमानाचं नाक हळूहळू भरकटत गेलं आणि आवाजाच्या पाचपट वेगात ते फिरकीत सापडलं. त्यातून बाहेरही आलं. पण मग त्याच एमएच-९६ प्रणालीने जे हेलकावे धरले ते थांबलेच नाहीत आणि विमान हवेतच तुटलं. अ‍ॅडम्स गेला. वॉकर आधीच गेला होता, १९६६ मध्ये, दुसऱ्याच एका विमानात, आणि तारीख पुन्हा ८ जून. अशा योगायोगांना मी एरवी भाव देत नाही, पण ही तारीख लक्षात राहिली.

आता तुझ्याकडे काम आहे. विमान लटकवायचं तर वर बी-५२ हवं, आणि १:४८ मध्ये त्याचे पंख सव्वा मीटरच्या जवळ जातात, ते शक्य नाही. म्हणून उजव्या पंखाचा फक्त तेवढाच तुकडा करतोय: धड आणि आतलं इंजिन यांच्या मधला, खाली पायलन (विमान टांगायचा आधार), आणि मागच्या कडेला एक्स-१५ ची शेपटी मावावी म्हणून कापलेली खाच. हा तुकडा अधांतरी धरायचा कसा? खालून खांब नको, तो एक्स-१५ च्या आड येईल. मागून, पंखाच्या कापलेल्या बाजूतून, पितळी नळी काढून भिंतीच्या फळीत घालावी असं मनात आहे. पण सगळं वजन एका टोकाला येणार. शिडं आणि डोलकाठ्या तोलून धरण्यात तुझा हात बसलाय, तेव्हा नळी किती जाडीची घ्यावी आणि पंखाच्या आत ती किती खोल न्यावी, तेवढं कळव. तोवर मी पंखाची वरची बाजू बंद करत नाही.

तुझा,
काळ्या विमानवाला