पोलिओ झालेल्यांची पुन्हा तपासणी का हवी

प्रति,
मा. लोकस्वास्थ्य आणि चिकित्सा शिक्षण मंत्री,
मध्यप्रदेश शासन, भोपाळ

सप्रेम नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत टपालाने पाठवली आहे. मराठीत अशासाठी लिहिते की इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेरच्या मराठी घरांत लहानपणी पोलिओ झालेली माझ्या वयाची माणसं पुष्कळ आहेत, त्यांनीही हे वाचावं.

मागणी आधीच सांगून टाकते, मंत्र्यांच्या टपालातला पहिला परिच्छेदच वाचला जातो म्हणे. पोलिओ होऊन आता पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अपंगत्वाची पुन्हा तपासणी व्हावी, आणि इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दिवस ओपीडी असावी.

माझ्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर दोन खुणा आहेत: आजार वाढणारा नाही, फेरतपासणीची गरज नाही. उजवा पाय मी दीड वर्षाची असताना गेला. कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) लावून शाळा, कॉलेज, नोकरी, सगळं झालं. आता डावा पाय जिन्यावर दगा देतो. घरात ज्याला जन्मभर ‘चांगला पाय’ म्हटलं, तोच. मेडिकल बोर्डासमोर गेले तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, पोलिओ बढ़ता नहीं है, उमर का असर है.’ अर्धं खरं आहे ते. विषाणू खरंच वाढत नाही, तो कधीच निघून गेला. पण जाताना त्याने काय करून ठेवलं, ते बघायला हवं.

हा विषाणू तोंडावाटे शिरतो, घशात आणि आतड्यात वाढतो. बहुतेक मुलांना तो आला-गेला हेही कळत नाही. साधारण दोनशेतल्या एकाच्या बाबतीत तो रक्तातून मज्जासंस्थेत पोचतो आणि लुळेपणा येतो. तिथेही तो सरसकट सगळं नासवत नाही. मज्जारज्जूच्या पुढच्या भागात स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यावर त्याचा रोख. स्पर्श, वेदना, ऊन-गार समजणाऱ्या नसा तो सोडून देतो. म्हणून माझ्या उजव्या पायाला डास चावलेला नीट कळतो, पण तो हाकलायला पाय हलत नाही. मेंदूच्या बुंध्याशी पोचला तर गिळणं आणि श्वास अडतो. लुळेपणा आलेल्यांपैकी शंभरात पाच ते दहा मुलं श्वासाचे स्नायू बंद पडून दगावायची.

(आमच्या पिढीतल्या कितीतरी आयांनी ‘तापात डॉक्टरने सुई टोचली आणि पाय गेला’ असं जन्मभर सांगितलं. अडाणीपणा म्हणून हसू नये. अंगात विषाणू असताना स्नायूत इंजेक्शन दिलं तर त्याच अवयवाला लुळेपणा येण्याची शक्यता वाढते, हे वैद्यकालाही मान्य आहे.)

आता मुद्द्याचं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. त्यांच्या ताब्यातले स्नायूंचे तंतू पोरके होतात. मग शेजारची वाचलेली पेशी नवे फाटे फोडते आणि त्या पोरक्या तंतूंना दत्तक घेते. कधीकधी एकेक पेशी नेहमीच्या कितीतरी पट तंतू सांभाळते. ताप उतरल्यावर काही महिन्यांत मुलाचा हात किंवा पाय थोडा सुधारतो, त्यात या दत्तकाचा मोठा वाटा असतो. आणि ‘चांगल्या’ पायातल्याही काही पेशी त्या तापात गेलेल्या असू शकतात. उरलेल्यांनी भार उचलल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही.

हा जादा भार या पेशी वर्षानुवर्षं वाहतात. पंधरा ते चाळीस वर्षांनी फाटे गळू लागतात. नवा अशक्तपणा, विचित्र थकवा, सांधेदुखी, थंडी सहन न होणं, काहींना झोपेत श्वास अपुरा पडणं. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. पोलिओतून वाचलेल्यांपैकी शंभरात पंचवीस ते चाळीस जणांना तो होतो असा अंदाज आहे. तो संसर्गजन्य नाही. त्याची एक अशी खात्रीची चाचणी नाही, थायरॉईड, मणका वगैरे इतर कारणं तपासून बाजूला सारावी लागतात. हे तपासायचं कोणी? आजच्या तरुण डॉक्टरांनी पोलिओ पुस्तकातच पाहिलाय. ते भल्या मनाने ‘व्यायाम वाढवा’ म्हणतात, आणि थकून जाईपर्यंत केलेला व्यायाम नेमका इथे नडतो.

देशातला रानटी (म्हणजे लशीतून न आलेल्या, निसर्गातल्या) विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्याचा मला पोटातून आनंद आहे. आजही पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की आपलं खातं चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घेतं. इतकी बारीक नजर नव्या रुग्णावर. जुन्यांची मात्र २०११ च्या जनगणनेत ‘चालण्या-हलण्याचं अपंगत्व’ या रकान्यात बोळवण झाली, कशामुळे ते विचारलंच नाही.

अपंगत्व मोजण्याचे नियम केंद्राचे आहेत, हे ठाऊक आहे. पण बोर्ड आपल्या खात्याचे डॉक्टर चालवतात. पोलिओच्या जुन्या रुग्णाने नव्या अशक्तपणाची तक्रार केली तर ‘फेरतपासणीची गरज नाही’ ही खूण आड येऊ देऊ नये, एवढं एक परिपत्रक आपण काढू शकता. ओपीडीला नवी इमारत नको. न्यूरॉलॉजी, अस्थिरोग, छातीचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट एका सकाळी एका मजल्यावर बसले तरी भागेल. तो मजला तळमजला असावा.

आणखी एक, बिनखर्चाचं. भुलीच्या आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा परिणाम आमच्यावर जास्त होऊ शकतो, श्वासावर विशेष. आता मोतीबिंदू, गुडघे, पित्ताशयाची शस्त्रक्रिया, हे सगळं आमच्या वयाला येणारच. तेव्हा केसपेपरवर ‘लहानपणी पोलिओ झाला होता का?’ हा प्रश्न छापून घ्यावा आणि त्याचं उत्तर भूलतज्ज्ञापर्यंत पोचेल असं पाहावं.

आपली,
पोलिओ झालेली एक निवृत्त बँक कर्मचारी,
इंदूर