कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून लगेच नवीन घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली जो तो तक्रार करतो की कॉम्प्युटर चालू केला की चहा पिऊन होतो तरी स्क्रीन येत नाही, आणि दुकानात नेला तर उत्तरं दोनच, एकतर फॉरमॅट मारा नाहीतर नवीन घ्या. शाळा सुरू व्हायच्या टायमाला पालक बिचारे पैसे काढून मोकळे होतात. अहो, आधी घरी बघा तरी.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात स्टार्टअप म्हणून भाग असतो (विंडोज 8 पासून आहे, विंडोज 7 वाल्यांनी स्टार्ट मेनूत msconfig टाइप करून तिथं बघावं). टीम्स, स्पॉटिफाय, प्रिंटरचं कसलंतरी सॉफ्टवेअर, पोराने कधीतरी टाकलेला गेम, सगळं मशीनबरोबर आपोआप उठत असतं. ज्याच्यासमोर 'हाय' लिहिलंय आणि जे रोज लागत नाही त्याला राइट क्लिक करून डिसेबल करा, प्रोग्राम डिलीट होत नाही, हवा तेव्हा उघडतोच. अँटिव्हायरसला हात लावू नका, पण दोन-दोन घातलेले असतील तर एक काढा. आणि स्पीड वाढवून देतो म्हणणारे क्लीनर तर नकोच, बरेचसे स्वतःच स्टार्टअपमध्ये येऊन बसतात.

एवढं करून फरक नाही पडला तर दुखणं बहुतेक हार्ड डिस्कचं. जुन्या लॅपटॉपात मिनिटाला 5400 फेरे घेणारी तबकडी असते, विंडोज उठताना हजारो बारक्या फाइली वाचायच्या असतात आणि त्या शोधत तबकडी वाचणारं हेड नुसतं इकडून तिकडे पळतं. फॉरमॅटने चार दिवस बरं वाटतं कारण गर्दी जाते, तबकडी तीच राहते. त्याजागी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली वेगवान डिस्क) घाला, साध्या घरकामाला 256 जीबी पुरते, नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च काहीच नाही. मात्र आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे काही मशीनं खरंच अडतात, तिथं दुकानदार खोटं बोलत नाही.

आपल्या गोव्यात आणखी एक भानगड. पावसात विजा चमकायला लागल्या की आपण प्लग काढून ठेवतो, ते बरोबरच, पण डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची (आतल्या मुख्य सर्किटवरची) मशीनचं घड्याळ चालू ठेवणारी सीआर 2032 नावाची नाण्याएवढी बॅटरी अशाने लवकर संपते, कारण प्लग असेपर्यंत तिच्यावर भार नसतो. मग घड्याळ मागे जातं, वेबसाइट सुरक्षित नाही म्हणून ओरडतात, आणि चालू करताना मशीन एफ वन दाबा म्हणून थांबून राहतं. लोकांना वाटतं कॉम्प्युटर गेला. घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळते ती बॅटरी.

आपला,
एक वाचक, फोंडा