प्लेअरचा आवाज कुठे अडला: आई-बाबांना पत्र

टिळकवाडी, बेळगाव

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रेकॉर्ड प्लेअरचा आवाज कुठे अडला आहे ते सापडले. व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, गेले असावेत असा तुमचा अंदाज होता आणि मी खानापुरातून निघताना ‘नवे व्हॉल्व्ह घालूनच आण’ असे तुम्ही बजावलेही होते. परंतु दोन्ही व्हॉल्व्ह ठणठणीत आहेत. दोष आहे तो पिकअपच्या, म्हणजे तबकडीवर येणाऱ्या दांड्याच्या, टोकाला सुई धरून बसलेल्या कार्ट्रिजमध्ये. हे कसे ठरले ते सविस्तर लिहिते, म्हणजे नव्या व्हॉल्व्हचा खर्च का नको म्हणते ते तुम्हाला पटेल.

शहापुरातील ज्या मेकॅनिककाकांकडे प्लेअर नेला, त्यांनी तो थेट प्लगला लावलाच नाही. पावसाळाभर बंद राहिलेल्या यंत्रातला वीज साठवणारा मोठा कंडेन्सर शॉर्ट झालेला असला, तर पहिल्याच झटक्यात ट्रान्सफॉर्मर जळतो, म्हणून त्यांनी मध्ये सिरीजमध्ये एक साधा पिवळा बल्ब जोडला. शॉर्ट असता तर बल्ब लख्ख पेटून राहिला असता. तो क्षणभर उजळून मंद झाला. थोड्या वेळाने व्हॉल्व्हच्या काचेत तांबूस उजेड दिसू लागला आणि बल्ब काढून विजेचा पूर्ण दाब दिल्यावर स्पीकरच्या कापडाला कान लावला, तेव्हा अगदी बारीक घूं ऐकू आली. काकांच्या लेखी निम्मे निदान इथेच झाले, कारण ती घूं येते याचा अर्थ विजेचा पुरवठा, आवाज वाढवणारा शेवटचा टप्पा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर हे सगळे जिवंत आहेत. स्पीकर पूर्ण मुका असता तर शोध मागच्या बाजूने सुरू करावा लागला असता.

आपल्या प्लेअरमध्ये ईझेड ८० हा व्हॉल्व्ह एसीचे डीसी करतो आणि ईसीएल ८२ या एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह आहेत: एक सुईकडून आलेला क्षीण संदेश वाढवतो, दुसरा स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. या दुसऱ्याच्या कॅथोडवर, म्हणजे विद्युतकण सोडणाऱ्या टोकावर, मीटरने १६ व्होल्टच्या आसपास दाब दाखवला, म्हणजे त्यातून हवा तेवढा प्रवाह वाहतो आहे. पहिल्या भागाची परीक्षा त्याहून सोपी होती. आपल्या प्लेअरला स्वतंत्र मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे, याची काकांनी आधी मीटरने खात्री करून घेतली (ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या सेटमध्ये लोखंडी चासीलाच, म्हणजे सांगाड्यालाच, मेन्सची वीज असू शकते आणि तिथे असले प्रयोग जिवावर बेततात), मग कार्ट्रिजच्या तारा सोडवून त्यांच्या जागी माझ्या जुन्या मोबाइलच्या हेडफोनची तार जोडली. गाणे असे खणखणीत वाजले की शेजारच्या दुकानातली माणसे डोकावून गेली. पिकअपच्या दांड्यातल्या तारा, व्हॉल्यूमचे बटण आणि दांडा परत जागेवर जाताना आवाज बंद करणारा छोटा संपर्क, हे सारे या एकाच चाचणीत निर्दोष ठरले. मागे उरली फक्त कार्ट्रिज.

आई, धूळ पुसताना फडक्यात अडकून सुई मोडली असेल, ही तुझी भीती मनातून काढून टाक. भिंगाखाली पाहिली, सुई शाबूत आहे. कार्ट्रिजचे आवरण उघडले तेव्हा मात्र आत पातळ, कडक पट्टी असायला हवी होती तिथे ओलसर पांढरा चुरा होता आणि तो चिमट्याला चिकटत होता. ती पट्टी रोशेल सॉल्ट नावाच्या स्फटिकाची असते. स्फटिक दाबला की त्यातून वीज निघते, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवले, आणि सुईच्या थरथरीतून वीज काढणाऱ्या या कार्ट्रिजचे तत्त्व तेच आहे. पण हे मीठ हवेतला ओलावा ओढून विरघळते. खानापूरचा पाऊस आणि पावसाळी बाजूच्या भिंतीला टेकवलेले टेबल, यांपुढे तो स्फटिक इतकी वर्षे टिकला हेच नवल म्हणायचे.

उघडलेच आहे तर म्हणून काकांनी दोन टप्प्यांमधला कागदी कंडेन्सरही बदलला. त्यातून वीज गळू लागली होती, त्यामुळे शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, नको तो दाब येत होता आणि तसाच राहिला असता तर तुमचा ईसीएल ८२ खरोखरच गेला असता. हा खर्च किरकोळ होता, मी विचारत बसले नाही.

नवी कार्ट्रिज मी सिरॅमिकची मागवते आहे. तिला ओलाव्याचे भय नाही. आवाज पूर्वीपेक्षा थोडा कमी येईल, व्हॉल्यूम जरा वाढवावा लागेल, एवढेच. कोणी मॅग्नेटिक कार्ट्रिज भारी असते असे सांगितले तरी ऐकू नका. तिच्यातून काही मिलिव्होल्टच निघतात आणि त्यासाठी वेगळा अँप्लिफायर लागतो. बाजारात एकाने तर आतले सगळे काढून ब्लूटूथचे सर्किट बसवून देतो म्हणून सांगितले. मी नमस्कार करून निघाले.

प्लेअर घरी आल्यावर तो आतल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावा आणि बाबा, मागची फळी तुम्ही उघडू नये. आतल्या कंडेन्सरवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहतो.

आता एक गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. लाखेच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांच्या खाचा रुंद असतात, त्यांना सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीला, म्हणजे नंतरच्या सावकाश फिरणाऱ्या तबकड्यांना, २५ मायक्रॉनची. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी खरखरत राहते, आणि उलट केले तर एलपीची खाच खराब होते. सुळेभावीचे म्हणून तुम्ही ज्यांचे नाव अभिमानाने घेता त्या कुमार गंधर्वांच्या एलपी आहेत हे मला ठाऊक आहे, परंतु ट्रंकेतल्या ७८ च्या तबकड्या अजून वाजवण्याजोग्या आहेत का, हे आईला सोबत घेऊन एकदा पाहावे आणि फोनवर कळवावे. दोन्ही सुया असलेली कार्ट्रिज मागवायची की फक्त एलपीची, हे त्यावर ठरवते.

आपली लेक