विद्यार्थ्यांसाठी वेळ असलेला फादर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की आपल्या वर्तमानपत्रात कटऑफ, होस्टेलची फी, मेसचे दर असं सगळं सविस्तर छापून येतं. गावाकडच्या नातेवाइकांना मी त्याचे फोटो काढून पाठवतो. आज मात्र मला अशा एका माणसाविषयी लिहायचं आहे, ज्याचा उल्लेख या माहितीत कधी नसतो. तो म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी नेमलेला कॅथलिक धर्मगुरू. इंग्रजीत त्याला चॅपलिन म्हणतात, आम्ही नुसतं फादर म्हणतो.

१९८५ साली मी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. गाव राहुरी तालुक्यातलं, वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. निकाल लागला आणि फिजिक्स, गणित दोन्ही गेले. घरी मी प्रत्येक पत्रात ‘अभ्यास उत्तम चालू आहे’ असं लिहीत आलो होतो. तीन दिवस खोलीचं दार लावून पडून राहिलो. काय काय विचार मनात आले ते इथे लिहीत नाही. माझा खोलीतला सोबती सोलापूरकडचा, ख्रिस्ती नव्हे. पण रविवारी मी कुठे जातो हे त्याला माहीत होतं. तो उठून चर्चमध्ये गेला आणि फादरांना सांगून आला.

संध्याकाळी फादर लुनावरून आले. ‘जेवलास का?’ एवढंच विचारलं आणि मला कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये घेऊन गेले. दोन चहा, दोन क्रीमरोल. अर्धा तास ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘घरी कधी सांगायचं?’ मला रडू फुटलं. ते म्हणाले, ‘मी येतो बरोबर.’

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजीनगर स्टँडवरून आम्ही एसटी धरली. गावी जायचं म्हणून फादरांनी पांढरा झगा घातला होता. दुपार कलल्यावर घरी पोचलो, तेव्हा आई अंगणात धान्य निवडत होती. झग्यातले फादर एकटेच फाटकातून आत येताना तिला दिसले. मी पिशवी घेऊन चार पावलं मागे होतो, तो दिसलोच नाही. तिच्या हातातलं सूप खाली पडलं आणि ‘माझं पोरगं’ म्हणत ती जमिनीवरच बसली. आज इतक्या वर्षांनीही तो आवाज माझ्या कानात आहे. त्यानंतर नापास झाल्याचं सांगणं मला अवघड गेलं नाही. सांगितलं मीच; फादर नुसते शेजारी बाजेवर बसून होते. वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग फादरांना विचारलं, ‘परत बसता येतं का परीक्षेला?’ ‘येतं.’ ‘मग बसंल.’

फादर त्या रात्री आमच्याकडेच राहिले, सकाळी भाकरी खाऊन निघाले. मी पुढे पास झालो आणि ३१ वर्षं माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवलं.

त्या दोन दिवसांत त्यांनी मला उपदेशाचं एक वाक्य ऐकवलं नाही. त्यांनी मला दिले ते दोन दिवस. माझी सगळी मागणी त्या दोन दिवसांविषयीच आहे. आज माझ्या ओळखीच्या कुठल्या फादरांना सोमवार-मंगळवार असा एका मुलासाठी काढता येईल? धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कुटुंबांच्या, मिस्सा (चर्चमधली उपासना), बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी, त्यात बहुतेकांच्या गळ्यात शाळेचा कारभार. हे सगळं करून उरलेल्या वेळात ‘युवकांचं काम’. यात त्यांचा दोष नाही, नेमणुकीच्या पद्धतीचा आहे.

शिवाय धर्मग्रामाच्या वहीत कुटुंबांची नावं असतात. कर्वेनगरमध्ये कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीचं नाव त्या वहीत कुठून येणार? शहरातली आमची जुनी चर्चेस आहेत नाना पेठ, कॅम्प, खडकी या भागांत. नाना पेठेतल्या सिटी चर्चला तर सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली जागा दिली होती. विद्यार्थी मात्र सदाशिव पेठ, कोथरूड, कर्वेनगर, कात्रजकडे राहतात. मुलगी दोन बस बदलून मिस्सेला जाते, मागच्या बाकावर बसते, संपल्यावर निघते. ती आली होती आणि तिसऱ्या रविवारपासून यायची थांबली, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

ही माझ्या मनची कल्पना नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, म्हणजे १९८३ च्या धर्मसंहितेचं, ८१३ वं कलम स्पष्ट सांगतं की विद्यार्थ्यांची आत्मिक काळजी घेणं ही महागुरुस्वामींची, म्हणजे बिशपांची, जबाबदारी आहे. त्यासाठी वेगळा धर्मग्राम नेमावा, ते जमत नसेल तर निदान कायमस्वरूपी धर्मगुरू द्यावेत. विद्यापीठ कॅथलिक नसलं, तरीही तिथल्या मुलांसाठी केंद्र असावं, असंही त्यात आहे. देशपातळीवर ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन ही विद्यार्थ्यांची संघटना १९२४ पासून आहे. म्हणजे विचार जुनाच आहे, माणूस आणि वेळ द्यायचा राहिला आहे.

असा वेळ दिला की काय होतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण पोलंडमधलं आहे. १९४९ साली, म्हणजे पुणे विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षी, क्राकोव शहरातल्या सेंट फ्लोरियन चर्चमध्ये कॅरोल वोयतिवा नावाचे तरुण फादर आले आणि विद्यार्थ्यांचं काम पाहू लागले. कम्युनिस्ट राजवट होती, धर्मगुरूने तरुणांना गटाने बाहेर नेणं चालत नसे. म्हणून ते साध्या कपड्यांत मुलामुलींबरोबर डोंगरांत जात, नदीत कयाक वल्हवत. कुणाला संशय येऊ नये म्हणून मुलं त्यांना ‘वुयेक’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचं ‘काका’. १९५८ च्या ऑगस्टमध्ये बिशपपदी नेमणूक झाल्याचा निरोप आला, तेव्हाही ते विद्यार्थ्यांसोबत कयाकच्या सहलीवर होते. वॉर्साला जाऊन होकार कळवला आणि परत मुलांकडे आले. हेच काका पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाले आणि १० फेब्रुवारी १९८६ रोजी पुण्यात आले. त्या गर्दीत मीही होतो. निकालाच्या त्या दिवसांना वर्षही झालं नव्हतं. पोप लांबवर पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसत होते आणि मला मात्र सारखे आमचे लुनावरचे फादर आठवत होते.

आता आमच्या, म्हणजे मराठी ख्रिस्ती मुलांच्या, एका वेगळ्या अडचणीविषयी. नगर, संभाजीनगर, जालन्याकडून येणारी ही मुलं मराठी माध्यमातली असतात, आडनावं चारचौघांसारखी. वर्गात कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘ख्रिश्चन आहेस, मग इंग्रजी कसं येत नाही?’ माझ्या भाचीला हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात तिघींनी विचारला. गावात ती मराठी मिस्सेत गात मोठी झालेली. इथे चर्चमध्ये गेली तर भोवती इंग्रजी. कॉलेजात ती परकी, चर्चमध्येही परकीच. त्यात फॉर्मवरचा जातीचा रकाना. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती मुलाला अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही, आणि हे अनेकांना प्रवेशाच्या खिडकीवर उभं राहिल्यावरच उमगतं. अशा मुलीशी बोलायला मराठीत विचार करणारा, तिची वाडी-वस्ती ओळखणारा, हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला गेलेला माणूस हवा. पुण्यात तो मिळणार नाही असं नाही. नगर रस्त्यावर पेपल सेमिनरीत १९५५ पासून देशभरातले धर्मगुरू घडत आले आहेत. शनिवार पेठेत येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंचं स्नेहसदन आहे, तिथून तर मराठी मनाशी संवादाचंच काम झालं आहे.

यावर काही वाचकांच्या मनात शंका येतील, त्या मी टाळत नाही. हे धर्मांतराचं साधन होईल का? चॅपलिन हा आपल्या श्रद्धेच्या मुलांसाठी आणि आपणहून दार वाजवणाऱ्या कुणाहीसाठी असतो. माझा सोलापूरचा सोबती पुढे कितीदा तरी त्याच फादरांशी बोलायला गेला, तो आजही माघ वारी चुकवत नाही. दुसरी शंका मुलींच्या सुरक्षिततेची, आणि ती मला रास्त वाटते. भेटीची खोली उघडी, काचेच्या दाराची असावी, फादरांसोबत एक सिस्टर आणि एक विवाहित प्रापंचिक स्त्री नेमलेली असावी, तक्रार कुठे करायची ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं.

आणि एक गोष्ट मला आमच्याच लोकांना सांगायची आहे. नैराश्य हा आजार आहे. प्रार्थना कर, बरं वाटेल, असं म्हणून मुलाला परत पाठवणाऱ्या फादरपेक्षा त्याला स्वतः मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जाणारा फादर मला हवा. पापनिवेदनात, म्हणजे कन्फेशनमध्ये, ऐकलेलं धर्मगुरूला कुणालाही, अगदी न्यायालयालाही, सांगता येत नाही, आणि ते तसंच राहिलं पाहिजे. त्या विश्वासावरच तर मुलं बोलतात. पण चहा पिताना ‘जगावंसं वाटत नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते पापनिवेदन नव्हे. तिथे गप्प बसू नये, हे त्याला शिकवलेलं असलं पाहिजे.

म्हणून पुणे धर्मप्रांताला माझी विनंती आहे की शहराच्या पश्चिम भागात विद्यार्थ्यांसाठी मराठी बोलणारा एक धर्मगुरू पूर्णवेळ नेमावा. त्याच्याकडे शाळा देऊ नये, बांधकाम देऊ नये. दोन खोल्या, एक चहाची शेगडी आणि रात्री उचलला जाणारा फोन एवढं पुरे. महाविद्यालयांनीही त्याचा नंबर सूचनाफलकावर लावावा, इतर धर्मांच्या अशा कुणा जाणत्या माणसाचा असेल तर तोही लावावा. आणि आपण, संपादक महोदय, प्रवेशाच्या पुरवणीत मेसच्या दरांशेजारी त्यासाठी चार ओळींची जागा द्यावी.

मी आता निवृत्त आहे, तब्येत बरी आहे. असं केंद्र सुरू झालं तर फिजिक्स आणि गणित राहिलेल्या मुलांना शिकवायला आठवड्यातून दोन संध्याकाळी मी येईन, कोणत्याही धर्माची असोत.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
वडगाव शेरी, पुणे