नारळ, सुंगटां, बिस्किटं

म्हापसा, शुक्रवार

प्रिय नंदा,

मनू चार वर्षांची झाली तरी 'क' गिरवत नाही, वही कोरीच घरी येते, हे वाचलं. नंदा, तिला बळजबरीने बसवू नकोस गं. माझ्या थोरल्याच्या बाबतीत मी चुकले. तो तीन वर्षांचा असताना शाळेने पानंच्या पानं गिरवून घेतली, उरलेली मी घरी पुरी करून घेतली. बोटं दुखतात म्हणून रडायचा. पुढे पेन्सिल दिसली की त्याचं तोंड उतरायचं.

धाकटीच्या वेळी मी नुसती बघत राहिले. गेल्या वर्षी शुक्रवारच्या बाजाराची यादी करत होते, तर तीही कागद घेऊन बसली. आधी आडवी रेघ ओढली, मग तिच्याखाली काठ्या आणि वेटोळी लोंबकळवली. एक अक्षर येत नव्हतं, पण आपलं लिखाण रेघेला टांगलेलं असतं हे तिनं बघून ठेवलं होतं! मग डावीकडून उजवीकडे बोट फिरवत वाचलं, "नारळ, सुंगटां, माझी बिस्किटं." सुंगटां म्हणजे आपली कोळंबी. तो कागद मुठीत धरून मी बाजारात फिरले आणि बिस्किटं आणली. कागदावरचं बोलतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

सहा महिन्यांनी तिनं लिहिलं 'नरळ'. सासूबाई म्हणाल्या, काना विसरली. मला मात्र भरून आलं. ना-र-ळ, तीन टाळ्या आणि तीन अक्षरं! शब्द कानाने तोडता आला की निम्मं काम झालं. काना-मात्रा मागाहून येतात. पहिली वेलांटी तर कानाला अक्षरानंतर ऐकू येते आणि काढायची अक्षराच्या आधी. लहान जिवाला ते किती अवघड!

म्हणून आधी गाणी, गोष्टी, टाळ्या. घरी कोंकणीच बोला, शाळेच्या मराठीसाठी ती थांबवू नका. कोंकणीत गोष्ट रंगवून सांगणारी पोर मराठीही वाचेल, नागरी अक्षरं दोन्हीकडे तीच. आणि सुरुवात 'क'पासूनच कशाला? आपले जुने गुरुजी ग, म, भ, न आधी शिकवायचे, कारण वळणं एकमेकांना जवळची.

बोटांत ताकद यायला वही लागत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पानं, बिया, शंख-शिंपले हेच मुलांचं साहित्य होतं. तुझ्याकडे काणकोणला शिंपल्यांना काय तोटा? २०२०च्या शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा धरलाय. मनूच्या हाती अजून चार वर्षं आहेत.

गणपतीच्या चवथीला तिला घेऊन ये. नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, कडा दाबायला बसवू, आणि गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीच्या सामानाची यादी तिच्याकडूनच लिहून घेऊ.

तुझी,
शैला